दोन गोण्यांचा हिशेब: गोव्यातील एका काजू कारखान्याचे आयातीचे प्रकरण

२०२३च्या मार्च महिन्यात, सत्तरी तालुक्याच्या डोंगरांतल्या आगी विझून जेमतेम आठवडा लोटला असताना, डिचोली तालुक्यातल्या एका लहान काजू कारखान्याच्या ओसरीवर दोन गोण्या शेजारीशेजारी उघडण्यात आल्या. एक गोणी मंगळूरच्या व्यापाऱ्याने नमुना म्हणून पाठवलेल्या टांझानियाच्या बियांची होती. दुसरी माझ्या मामांनी वाळपईच्या पलीकडच्या आपल्या बागेतून टेम्पोत घालून पाठवली होती. कारखानदाराने दोन्हींतून एकेक किलो बी तोलून घेतली, ती मोजली आणि मग जुन्या वर्तमानपत्रावर बसून अडकित्त्याने एकेक बी उभी फोडायला सुरुवात केली. या धंद्यात याला कटिंग टेस्ट म्हणतात. चांगला गर, डागी गर, न भरलेला गर आणि रिकामे टरफल असे चार ढीग करायचे, चांगल्या गराचे वजन करायचे आणि त्यावरून ८० किलोंच्या गोणीतून किती पौंड गर मिळेल ते काढायचे. खरेदी-विक्रीची सगळी बोलणी याच आकड्यावर चालतात.

टांझानियाच्या बिया आकाराने बहुतेक सारख्या आणि खडखडीत वाळलेल्या होत्या. मामांच्या बियांत अंगठ्याएवढी एक, तर करंगळीच्या टोकाएवढी दुसरी, असा सगळा संमिश्र प्रकार होता आणि हाताला त्या किंचित ओलसर लागत होत्या. मात्र फोडल्यावर त्यांतला गर भरीव निघाला आणि कच्चा चावून पाहिला तेव्हा त्याची गोडी जिभेवर रेंगाळली. कारखानदार बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "चव हिची चांगली, पण माझी मशीन त्या टांझानियाच्या बीवर बरी चालते."

येत्या वर्षभरासाठी कारखान्याने बी कुठून घ्यावी, हा त्या दिवशीचा प्रश्न होता. परदेशातून अन्नपदार्थ आणण्याचे फायदे-तोटे एरवी देशाच्या पातळीवर मोठमोठ्या आकड्यांत मांडले जातात. येथे ते एका ओसरीवर, दोन गोण्यांच्या रूपाने समोर होते. माझे नाते दोन्ही गोण्यांशी आहे हे आधीच सांगतो, कारण एकीच्या मालकाचा मी भाचा आहे आणि दुसरी विकत घेणाऱ्या कारखान्याचे हिशेब मी लिहितो. त्या ओसरीवरून पुढच्या दीड वर्षात जे घडले आणि त्यातून माझे मत जसे बनत गेले, ते येथे क्रमाने मांडतो.

कारखान्याची गरज

हा कारखाना दिवसाला साधारण एक टन कच्ची बी फोडतो. बी वाफेवर उकडणे, निववणे, पायाने चालणाऱ्या यंत्रावर फोडणे, गर भट्टीत वाळवणे, त्यावरची तांबूस साल सुरीने काढणे आणि शेवटी प्रतवारी करणे, या सर्व कामांवर मिळून चाळीसेक माणसे आहेत आणि त्यांत बायकाच अधिक. वर्षात तीनशे दिवस काम चालायचे तर तीनशे टन बी लागते. गोव्याचा हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीला सुरू होऊन मे महिन्यात पावसाच्या चाहुलीबरोबर संपतो. त्या अवधीत, आसपासच्या खरेदीदारांशी स्पर्धा करून, या कारखान्याला स्थानिक बी फार तर शंभर-सव्वाशे टन मिळते.

उरलेली बीही हंगामातच विकत घेऊन वर्षभर साठवून का ठेवू नये, असे कोणीही विचारील. मीही विचारले होते. उत्तर भांडवलात आणि हवेत आहे. दोनशे टन बी किलोला १२० रुपये दराने उचलायची म्हटले तर दोन कोटी चाळीस लाख रुपये एकरकमी गुंतवावे लागतात आणि त्यावरचे व्याज वर्षभर चालू राहते. शिवाय बियांतली ओल आठ-नऊ टक्क्यांच्या खाली आणल्याखेरीज ती गोव्याच्या पावसाळ्यात टिकत नाही. जुलैत बुरशीचा वास आला की अख्खी थप्पी वाया जाते. आणि एवढे करूनही स्थानिक बी तेवढ्या प्रमाणात बाजारात असतेच असे नाही. गोव्यात काजूखालची जमीन पंचावन्न हजार हेक्टरांच्या आसपास आहे, पण त्यांतली पुष्कळ झाडे बीपासून वाढलेली, जुनी आणि विरळ धरणारी आहेत. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या जाती आणि जुन्या गोव्यात एला येथील केंद्रीय संस्थेने निवडलेली बाळ्ळीची जात यांची कलमे लावलेल्या बागा त्यामानाने थोड्या आहेत.

आफ्रिकेचे वेळापत्रक नेमके येथे कामी येते. बेनिन, घाना, आयव्हरी कोस्ट या पश्चिमेकडच्या देशांची बी आपल्याच सुमारास पिकते, पण जहाजाने भारतात पोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. टांझानिया आणि मोझांबिकचा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर असल्याने त्यांचा माल नव्या वर्षाच्या तोंडावर येतो. आपली बी संपते तेव्हा पहिली आणि ती संपत आली की दुसरी, अशी ही साखळी जुळते. साऱ्या देशाची स्थितीही हीच आहे: भारतात कच्च्या काजूचे उत्पादन वर्षाला साधारण सात-आठ लाख टन होते आणि कारखान्यांची क्षमता त्याच्या दुपटीहून अधिक आहे. आयात थांबली तर अर्ध्याहून जास्त यंत्रे बंद पडतील.

या आकड्यांचा अर्थ मला जुलैमधल्या एका दुपारी कळला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि साल काढण्याच्या खोलीत वीस-बावीस बायका ओळीने बसल्या होत्या. त्यांच्यातली एक सत्तरी तालुक्यातलीच, मामांच्या गावापासून दोन कोसांवरची. तिच्या घरची काजूची बाग आहे. एप्रिलमध्ये ती कामावर येत नाही. घरचे बोंडू (काजूची फळे) गोळा करते, बी वेगळी करते, बोंडू भाटीवर (फेणीच्या भट्टीवर) पोचवते. जूनपासून कारखान्यात बसते. तिच्या पाटीतला गर त्या दिवशी बेनिनहून आलेल्या बियांचा होता. म्हणजे एप्रिलमध्ये ज्या आयातीमुळे तिच्या घरच्या बियांचा दर पडतो, त्याच आयातीमुळे जुलैत तिला रोजगार मिळतो. आयातीचा फायदा एका माणसाला होतो आणि तोटा दुसऱ्याला, अशी मांडणी वाचली की मला ती पाटी आठवते. तिच्या घरात दोन्ही एकाच चुलीपाशी येतात.

दराचे गणित

मामांची तक्रार साधी होती. वर्षानुवर्षे खत, मजुरी, बेणणी (झाडांखालचे रान कापणे) यांचा खर्च वाढत गेला आणि बियांचा बाजारभाव मात्र आहे तिथेच घुटमळत राहिला किंवा खाली आला. त्यांना यात व्यापाऱ्यांची लबाडी दिसत होती. लबाडी कुठेच नसते असे मी म्हणणार नाही. पण मोठे कारण गणितातच आहे आणि ते शेतकऱ्याला कोणी उलगडून दाखवत नाही, म्हणून येथे सविस्तर देतो. खालचे आकडे हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. दर रोज बदलतात, रीत बदलत नाही.

धरा की बेनिनची बी कारखान्याच्या दारात किलोला १०५ रुपयांना पडते आणि ८० किलोंच्या गोणीतून ४८ पौंड, म्हणजे २१.७७ किलो गर मिळतो. गोणीचे ८,४०० रुपये झाले; एक किलो गर तयार होण्यासाठी नुसत्या बियांचा खर्च ३८६ रुपये. आता सत्तरीची बी किलोला १२० रुपयांनी घेतली. तिच्यातून ५२ पौंड, म्हणजे २३.५९ किलो गर मिळतो असे धरू. तो अधिक आहे. पण बी झाडाखालून गोळा करून दोन दिवसांतच विकली गेलेली असते आणि उन्हात वाळवल्यावर शंभर किलोंचे ब्याण्णव किलो उरतात. त्यामुळे वाळलेल्या बियांचा खरा दर किलोला १३० रुपयांच्या थोडा वर जातो आणि एक किलो गरामागे बियांचा खर्च ४४२ रुपये होतो. फरक छप्पन्न रुपयांचा. वर्षाला ऐंशीएक टन गर विकणाऱ्या कारखान्यासाठी छप्पन्न रुपये म्हणजे नफा आणि तोटा यांमधली भिंत आहे.

त्याच मार्चच्या अखेरीस मांडलेल्या राज्याच्या अर्थसंकल्पात काजूची आधारभूत किंमत किलोला १२५ रुपयांवरून १५० रुपये करण्यात आली. निर्णय योग्य होता आणि आवश्यकही होता. पण वरच्याच रीतीने हिशेब केला तर १५० रुपयांच्या ओल्या बियांपासून एक किलो गर करायला ५५३ रुपये लागतात. कोणताही कारखानदार, शेजारी ३८६ रुपयांचा पर्याय असताना, हा दर स्वखुशीने देणार नाही. म्हणून बाजारभाव आणि आधारभूत किंमत यांतला फरक कृषी खाते नंतर शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा करते, आणि त्यासाठी कृषी कार्ड व मान्य संस्थेची विक्रीपावती लागते. सत्तरीत ही अट जड जाते. मोकासो आणि आल्वारा, म्हणजे पोर्तुगीज काळात दिल्या गेलेल्या जमिनींचे प्रश्न तेथे पिढ्यान् पिढ्या लोंबकळत आहेत. ज्या डोंगरावर आजोबांनी काजू लावला, त्याचा कागद नातवाच्या नावावर नसतो. मामांचे कार्ड आहे. त्यांच्या दोन शेजाऱ्यांचे नाही, आणि ते दोघे दारात येणाऱ्या फिरत्या खरेदीदाराला तो देईल त्या दराने बी घालतात.

निर्यात करणाऱ्या बाजूलाही शेतकरीच आहे, हे विसरून चालणार नाही. आयव्हरी कोस्ट हा आज जगातला सर्वांत मोठा कच्चा काजू पिकवणारा देश आहे, आणि तेथील सरकारने २०२४च्या हंगामासाठी शेतकऱ्याला दिलेला किमान दर किलोला २७५ सीएफए फ्रँक (तेथील चलन) होता. त्याचे रुपये चाळीससुद्धा होत नाहीत. मामांना मी हा आकडा सांगितला तेव्हा ते काही क्षण गप्प राहिले आणि मग एवढेच म्हणाले, "मग तो कसा जगतो?" सत्तरीच्या बियांचा दर पाडणारी शक्ती त्या शेतकऱ्यालाही तळाशी दाबून ठेवते. म्हणून आफ्रिकेच्या शेतकऱ्याविषयी आपल्या मनात राग धरण्याला काहीच अर्थ नाही.

बाग पडीक पडते म्हणजे काय

बियांचा दर उतरला की शेतकरी पहिली काटछाट बेणणीवर करतो. पावसानंतर झाडांखालचे रान कापून जागा स्वच्छ केली तरच फेब्रुवारीत खाली पडलेली बी आणि बोंडू दिसतात. मजुराला रोज द्यावा तर बियांच्या पैशांतून तो सुटत नाही, असे दोन-तीन वर्षे झाले की बागेचा वरचा कडा सोडून दिला जातो. तेथे मग सुके गवत आणि करवंदीची जाळी माजते. २०२३च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्य आणि आसपासच्या डोंगरांत आगी लागल्या, नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतायला आणावी लागली, त्या वेळी मामांच्या बागेत आग आली ती याच सोडून दिलेल्या कड्याने. बेणलेल्या भागाच्या सीमेवर ती थांबली. वरची तीस-चाळीस झाडे, ऐन मोहोरात आणि फळात असलेली, होरपळून गेली. आगीचे खापर आयातीवर फोडण्याचा माझा हेतू नाही. कमी दर आणि सोडून दिलेली बाग यांमधला संबंध मात्र मी त्या काळ्या पडलेल्या सीमेवर उभे राहून पाहिला आहे.

गोव्यात काजू म्हणजे नुसती बी नव्हे, आणि हाच मुद्दा आयातीच्या चर्चेत हटकून सुटतो. गरासाठी आफ्रिकेची बी आणता येते, बोंडू आणता येत नाही. ताजे बोंडू तुडवून काढलेला रस, तो आंबल्यावर पहिल्या ऊर्ध्वपातनातून हुर्राक आणि दुसऱ्या ऊर्ध्वपातनानंतरची फेणी, हे सगळे त्या झाडाखालीच व्हावे लागते. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावता येईल अशी कायदेशीर नोंद, मिळाले. पण बी परवडेनाशी झाली म्हणून शेतकरी बागेत फिरकलाच नाही, तर बोंडूही कुजून जातात आणि भाटी थंड राहते. मोठ्या देशव्यापी हिशेबात आयातीचा तोटा मोजताना फक्त बियांची किंमत धरली जाते. गोव्यापुरते तरी त्यात बोंडूची किंमत मिळवायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

मूळ पुसले जाते कुठे

आता या प्रकरणातल्या त्या भागाकडे येतो ज्याने माझे मत खऱ्या अर्थाने बदलले. आयातीचा मुख्य तोटा दर पडणे हा आहे, असे मी आरंभी मानत होतो. हिशेब लिहिता लिहिता लक्षात आले की त्याहून मोठा तोटा दुसराच आहे: आयात केलेली बी फोडली की तिचे मूळ पुसले जाते.

ओसरीवरच्या दोन गोण्या त्या दिवशी वेगळ्या होत्या; बॉयलरमध्ये गेल्यावर एक झाल्या. प्रतवारीच्या टेबलावर गराला देश नसतो, आकडा असतो. डब्ल्यू २४० किंवा डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे अखंड गर; तो गर वाळपईचा की बेनिनचा हे त्या आकड्यात कुठेच येत नाही. कायद्यातही यासाठी वाट मोकळी आहे. आयात केलेल्या खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर मूळ देश लिहावा लागतो, पण दुसऱ्या देशात प्रक्रिया होऊन पदार्थाचे स्वरूप बदलले तर प्रक्रिया झालेला देशच मूळ देश मानला जातो. बीचा गर झाला म्हणजे स्वरूप बदलले. त्यामुळे आफ्रिकेतून आलेली बी डिचोलीत फोडली की तिचा गर कागदोपत्री भारताचा होतो, आणि तो किनाऱ्यावरच्या एखाद्या दुकानात पोचला की पाटीवर "गोव्याचे काजू" म्हणून विकला जातो. अशा दुकानात मी स्वतः उभा राहून विचारले आहे. काउंटरवरच्या मुलाने "सगळे इथलेच" असे सहज सांगितले आणि मला वाटते, त्याला स्वतःलाही खरे ठाऊक नसावे.

याचा फटका मामांना दोन्हीकडून बसतो. आयात झालेल्या बियांमुळे त्यांचा दर खाली येतो, आणि गोव्याच्या नावामुळे मिळणारा जो चढा भाव त्यांच्या बियांना मिळायला हवा, तो भलत्याच बियांच्या पदरात पडतो. २०२३ सालीच गोव्याच्या काजूगरालाही भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी गोव्यातल्या काजू उत्पादक कारखानदारांच्या संघटनेने अर्ज केला होता. मानांकन मिळाले ही समाधानाची गोष्ट आहे, पण नुसत्या मानांकनाने गोण्या वेगळ्या होत नाहीत. प्रत्येक वापरकर्त्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते आणि बी कुठून घेतली हे दाखवता यावे लागते. ते दाखवण्यासाठी गोणी शेतकऱ्याच्या दारातून निघते तेव्हापासूनची नोंद हवी. ती बहुतेकांकडे नव्हती. आमच्याकडेही नव्हती, आणि हिशेब लिहिणारा मीच असल्यामुळे त्यातला माझा वाटा मी नाकारत नाही.

दुसऱ्यांच्या दारात काय झाले

कारखानदार जवळजवळ पूर्ण आयातीकडे वळायच्या विचारात होता. त्याला थांबवण्यासाठी मी जे पुढे ठेवले ते इतर ठिकाणचे अनुभव होते.

केरळातले कोल्लम हे काजूचे मोठे केंद्र पहिल्यापासून पूर्व आफ्रिकेच्या बियांवर उभे राहिले. टांझानिया आणि मोझांबिकने सत्तरच्या दशकात आपले कारखाने उभारले तेव्हा तेथून येणारा पुरवठा आटला आणि कोल्लमच्या यंत्रांना खीळ बसली. पुढे मोझांबिकमध्ये चाक उलटे फिरले. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या सल्ल्याने कच्च्या काजूच्या निर्यातीवरचे निर्बंध सैल करण्यात आले. बी भारताकडे वाहू लागली, तेथील कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले. म्हणजे आपल्या ओसरीवर स्वस्तात येणाऱ्या गोणीची किंमत कोणीतरी कुठेतरी मोजलेली असते, आणि ज्याने ती मोजली तो देश आज ना उद्या ती गोणी स्वतःपाशी ठेवू पाहणारच. बेनिनने तसे जाहीरही केले होते: १ एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजूची निर्यात बंद, काजू देशातच फोडला जाईल.

आपल्या सरकारचे धोरणही स्थिर नाही. कच्च्या बियांवर २०१६ साली पाच टक्के मूळ आयात शुल्क लागले आणि २०१८ साली ते अडीच टक्क्यांवर आणले गेले. २०१९ साली तयार गरावरचे शुल्क वाढवून सत्तर टक्के करण्यात आले आणि आयातीची किमान किंमत अखंड गरासाठी किलोला ७२० व तुकड्यासाठी ६८० रुपये ठरवली गेली. या दोन धोरणांतला विचार मला पटतो. कच्चा माल येऊ द्यायचा, म्हणजे फोडणाऱ्या हातांना काम राहते. तयार गर स्वस्तात येऊ द्यायचा नाही, कारण तो आला तर बाग आणि कारखाना दोन्ही एकदम बसतात. २००६च्या सुमारास व्हिएतनामने काजूगराच्या निर्यातीत भारताला मागे टाकले ते आफ्रिकेचीच बी आणून आणि यंत्रांवर फोडून. त्यांचा गर येथे मोकळा आला असता तर साल काढण्याच्या त्या खोलीत आज कोणी बसलेले नसते.

अन्नासाठी बाहेरच्यावर किती विसंबावे याचा धडा २०२२ साली घराघरांतही मिळाला होता. इंडोनेशियाने एप्रिलच्या अखेरीपासून जवळजवळ महिनाभर पामतेलाची निर्यात बंद केली तेव्हा येथील किराणा दुकानात तेलाचा दर आठवड्याला बदलत होता. तेल तर रोजच्या फोडणीला लागते; काजू नसला तरी कोणाचे जेवण अडत नाही, हे खरे. पण काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईचे जेवण अडते.

निर्णय आणि पुढचे दीड वर्ष

शेवटी कारखानदाराने आयात सोडली नाही आणि स्थानिक बीही सोडली नाही. त्याने दोन्ही वेगळ्या केल्या. मार्च ते मे फक्त स्थानिक बी फोडायची, तिचा गर वेगळ्या पिंपांत ठेवायचा आणि गोव्याच्या नावाने तेवढाच विकायचा. जूनपासून आयात केलेली बी फोडायची, तिचा गर मिठाईवाल्यांना आणि घाऊक व्यापाऱ्यांना गोव्याचे नाव न लावता द्यायचा. शिवाय, जो शेतकरी बी तीन दिवस उन्हात वाळवून, हलकी आणि किडकी वेचून देईल, त्याला बाजारभावापेक्षा किलोला दहा रुपये जास्त द्यायचे. हे दहा रुपये दान नव्हते. वाळवण्यात घटणारे वजन आणि वाया जाणारा गर जर शेतकऱ्याच्या अंगणातच कमी झाला, तर तेवढे पैसे कारखान्याचे वाचतातच; ते वाटून घ्यायचे एवढेच ठरले.

पहिल्या हंगामात हे नीट जमले नाही. गोण्यांवर शेतकऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी शिवायची होती. टेम्पोवाल्याने घाईत निम्म्या चिठ्ठ्या फाडल्या किंवा भिजवल्या. अवकाळी पावसाच्या भीतीने कित्येकांनी बी वाळवलीच नाही. वेगळ्या ठेवलेल्या गरासाठी किलोला जास्त पैसे मोजायला म्हापशाचे दोन दुकानदार तयार झाले, बाकीच्यांनी सांगितले की गिऱ्हाईक विचारतच नाही, मग आम्ही जास्त का द्यावे. हे उत्तर मला अजूनही बोचते, कारण ते खोटे नाही. पणजीत त्या एप्रिलमध्ये राज्याच्या वन विकास महामंडळाने पहिला काजू महोत्सव भरवला तेव्हा गर्दी अपार होती, पण पाकीट उलटून बी कुठली हे वाचणारा माणूस तेथेही विरळाच.

२०२४च्या पावसाळ्यात मात्र परीक्षा झाली. पश्चिम आफ्रिकेत बियांचे दर हंगामातच झपाट्याने चढले, आधीच्या करारांचा माल मिळत नाही अशा तक्रारी व्हिएतनामच्या कारखानदारांनीही केल्या, आणि मंगळूरच्या व्यापाऱ्याने आम्हाला ठरलेल्या दराने माल द्यायला असमर्थता कळवली. आलेल्या पहिल्या ट्रकमधली बी पावसात भिजलेली होती. कटिंग टेस्टमध्ये डागी गराचा ढीग चांगल्या गराच्या जवळपास पोचला आणि कारखानदाराने ट्रक तसाच परत पाठवला. कारखाना जुलैत सतरा दिवस बंद राहिला. तो त्याहून अधिक बंद राहिला नाही, कारण मे महिन्यात नीट वाळवून घेतलेली स्थानिक बी गोदामात बावीस टन शिल्लक होती. तिच्यावर आणि इकडून-तिकडून जमवलेल्या मालावर ऑगस्ट निभावला. ही बावीस टन बी हंगामात जास्त दराने घेतली म्हणून मीच कारखानदारापाशी कुरकूर केली होती, आणि ती माझ्याच वहीत "अडकलेले भांडवल" म्हणून नोंदलेली होती.

यावरून स्थानिक बी महाग घेणे नेहमीच शहाणपणाचे ठरते, असे कोणी समजू नये. पुढच्या एखाद्या वर्षी आफ्रिकेचे पीक अमाप येईल, दर कोसळतील आणि तीच बावीस टन बी गळ्यात पडेल. माझे म्हणणे मर्यादित आहे. गोव्याच्या कारखान्याला आयात लागते आणि लागत राहील, कारण जूनपासून फेब्रुवारीपर्यंत येथील झाडांना बी नसते. ती आयात आपल्या बियांची जागा घेते तेव्हा नुकसान करते, आणि आपल्या बियांचे नाव घेते तेव्हा त्याहून जास्त करते. पहिले नुकसान आधारभूत किमतीने थोडेफार भरून निघते. दुसरे भरून काढण्याची कोणतीच योजना नाही. त्यासाठी गोणीवरची चिठ्ठी बॉयलरपर्यंत आणि बॉयलरपासून पाकिटापर्यंत टिकवावी लागते, आणि बी फोडली की देश बदलतो या नियमाचा काजूपुरता फेरविचार व्हावा लागतो. बीचा देशही पाकिटावर लिहिणे बंधनकारक झाले तर आमच्यासारख्या लहान कारखान्याला त्याचा खर्च फारसा नाही. चिठ्ठ्या आता आम्ही कापडी करतो, काळ्या शाईने लिहून सुतळीने शिवतो. टेम्पोत त्या फाटत नाहीत.

कारखान्याच्या फाटकाशी एक काळा फळा आहे. पूर्वी त्यावर फक्त खरेदीचा दर लिहिलेला असे. २०२५च्या हंगामापासून मामांच्या आग्रहावरून त्यावर तीन आकडे लिहितो: ओल्या स्थानिक बीचा दर, वाळलेल्या स्थानिक बीचा दर, आणि मंगळूरला त्या दिवशी आफ्रिकेची बी कितीला सुटली तो दर. तिसरा आकडा लिहायला कारखानदार आधी राजी नव्हता. तो कमी असला तर शेतकरी खचतील आणि जास्त असला तर अडून बसतील, असे त्याचे म्हणणे होते. दोन्ही झाले आहे. पण सकाळी टेम्पो रिकामा होत असताना माणसे फळ्यापाशी थांबतात, तिन्ही आकडे वाचतात, आणि गोणी उन्हात आणखी दोन दिवस ठेवावी की आजच घालावी हे स्वतः ठरवून मगच काट्यापाशी येतात.